भाऊजींचा मुख्य हेतू

दोन माणसं एकत्र बसून नुसता चहा पिऊ शकतात, यावर माझ्या धाकट्या मावसदिरांचा उभ्या आयुष्यात विश्वास बसला नाही. दोहातल्या एका वकिली कचेरीत ते अमेरिकेतल्या निवडणूक-खर्चाच्या कायद्याची कागदपत्रं तपासायचे. त्या कायद्यात राजकीय समिती कशाला म्हणायचं, हा प्रश्न त्यांच्या अंगात इतका भिनलेला, की दोहाच्या अबू हमूर भागातल्या आमच्या कंपाउंडमध्ये चार बायका भाजी निवडायला बसल्या तरी चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "मुख्य हेतू काय?" कुणाला तरी निवडून आणणं हाच मुख्य हेतू असेल आणि त्यापायी बऱ्यापैकी खर्च होत असेल, तर ती समिती, पाटी लावा न लावा, कुणी काय दिलं ते जाहीर करा! मुलांनी क्रिकेटचा कॅप्टन निवडला, तेव्हा सरबत कुणी पाजलं याचीही त्यांनी चौकशी केली होती.

तेव्हा मी पस्तिशीची, अंगात भलता जोर, आणि मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभी. दर शुक्रवारी माझ्याकडे पुरणपोळीची पंगत. बायका माझ्यावरच्या प्रेमापोटी येतात, अशी माझी ठाम समजूत. एकदा भाऊजी पोळी तुपात बुडवत म्हणाले, "वहिनी, ही समिती आहे."

"अहो, जेवा की गप!"

"जेवतोय. पण पुरण हीसुद्धा देणगीच. सभेत जाहीर करा."

"करते! माझं काय झाकून ठेवायचंय?" म्हणत मी सभेत तोऱ्यात उभी राहिले. डाळ शेजारच्या मीनाक्षीची, पुरण तिनेच वाटलेलं, पोळ्याही तिनेच लाटलेल्या, असं एकेक बाहेर पडत गेलं. 'माझ्या हातच्या' म्हणून मी मिरवत होते, त्याच पोळ्या! "आणि तूप?" भाऊजींनी मागून विचारलं. तूप माझ्याविरुद्ध उभ्या असलेल्या बाईंच्या घरचं. त्या पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे मीच हिचा प्रचार करत होते की!" सभा हसून लोटपोट झाली आणि निवडणुकीत मी सपाटून पडले.

पुढच्या शुक्रवारी मी कुकर आमच्यापुरताच लावला. "खलास," यजमानांना म्हटलं, "आता कोण कशाला येतंय?" दुपारी बेल वाजली. दारात भाऊजी, हातात इथली गरम अरबी रोटी, खुबूस. मागे पुरणाचं पातेलं घेऊन मीनाक्षी. आणि तिच्यामागे चक्क नव्या अध्यक्षबाई, तुपाची बरणी सांभाळत.

मी फणकारले, "भाऊजी, आता मुख्य हेतू काय?"

त्यांनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं. "निवडणूकच उरली नाही, वहिनी. ही समिती नव्हे."

"मग काय आहे?"

"ते आमच्या कायद्यात नाही," म्हणाले आणि ताटं मांडू लागले.

गेल्या वर्षी भाऊजींची नोकरी संपली, तसा त्यांचा इथला मुक्कामही. ते नाशिकला परतले. पंगत अजून बसते. परवा नातीने मैत्रिणी आणल्या. शाळेत ती हेड गर्लला उभी आहे म्हणे. मी चष्मा कपाळावर चढवला. "मुख्य हेतू काय गं?"

"आजी! जस्ट लंच!"

बरं, म्हटलं, आणि तूप वाढलं. निवडणुकीनंतरच्या शुक्रवारीही याच मुली येऊ देत, एवढंच मनात आलं. आणि त्या दिवशी दारात खुबूस घेऊन उभं राहायला भाऊजी इथे हवे होते, असंही.