शेळी निघालेला चित्ता

पुण्याहून कोल्हापूरला निघालो तेव्हा आमच्या पिशवीत एक अहवाल होता. त्यानुसार कोल्हापुरातला एक चित्ता शेळी होता.

पिशवी मेधाची. ती प्राणिशास्त्राची संशोधक, मी वर्तमानपत्राचा बातमीदार. नव्या शतकाची पहिली वर्षं होती. बातमीत जनुकं आली की वाचक पान उलटत नाही, असं आमच्या संपादकांचं मत होतं. हिमयुगात चित्ते एका खंडातून दुसऱ्या खंडात कसे गेले, आशियातले आणि आफ्रिकेतले कधी वेगळे झाले, हे मेधा जुन्या कातड्यांतल्या जनुकांवरून शोधत होती. आपल्याकडचे चित्ते केव्हाच संपलेले, त्यामुळे इथलं प्रत्येक कातडं मोलाचं. अडचण एकच. इथले कमी पडू लागले तेव्हा संस्थानिकांनी शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते बोटीने मागवले. जनावरांनी हजारो वर्षं चालून उमटवलेला माग माणसांनी एका हंगामात पुसून ठेवला.

साताऱ्यापुढे बसचा टायर फुटला. ड्रायव्हर एकट्याने तो बदलत होता. सूचना देण्याचं काम चाळीस प्रवाशांनी वाटून घेतलं. दीड तास लागला.

राजारामपुरीतल्या लॉजवर सामान टाकलं आणि मिसळ खाल्ली. वाढप्याने न विचारता दुसऱ्यांदा कट (तिखट रस्सा) ओतला. मेधाच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याला ती पसंती वाटली. मग रिक्षाने जुन्या पेठेत दत्तोबांच्या घरी.

दत्तोबांचे आजोबा दरबारचे चित्तेवान (शिकारीचे चित्ते पाळून शिकवणारे) होते. कातडं त्यांच्या चित्त्याचं. शेजारी वनखात्याचा दाखला, चौकटीत. आजोबांनी हा चित्ता माळावर फास लावून स्वतः धरला, असं घराण्याचं म्हणणं. तो बोटीतून आला, असं शेजारचे किराणा दुकानदार बसाप्पा शेट यांचं म्हणणं. वाद दोघांच्या वडिलांपासून चालत आलेला. दत्तोबांकडे फोन नव्हता म्हणून मेधाने कातड्याच्या तपासणीचा निकाल शेटांच्या दुकानात फोनवर कळवला होता. बातमी पोचवण्याचं माझं काम त्यांनी आधीच, जास्त चोख, केलं होतं.

"या पावणं," शेट गल्ल्यावरूनच म्हणाले. "शेळी बघाय आलाय व्हय? रिकाम्या हातानं जाऊ नका. सरकी देऊ काय थोडी?"

"सरकी तुमीच खावा, शेट," दत्तोबा दारातून म्हणाले. मग मेधाकडे वळून, "बाई, मशीन बिघडलंय तुमचं. माझा आज्जा शेळीकडनं काळवीट धरून घेत हुता व्हय?"

तपासणी दोनदा केली आहे, मेधाने सांगितलं. नमुना उजव्या पुढच्या पंजाचा. तोच घ्या, हा मागच्या खेपेला दत्तोबांचाच आग्रह होता. काळविटं याच पंजानं पाडली, असं ते आल्यागेल्याला दाखवत.

त्यांच्या पत्नी अक्काताई चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "त्यो पंजा उंदरानं खाल्लाता."

"कवा?"

"तुमी भाचीच्या लग्नाला हुपरीला गेलता तवा. चपला करत्यात त्या मामांकडनं नवा बसवून घेतला. शेळीचं कातडं, वर ठिपकं काढलं. तुमाला कळलं न्हाय, मग मी बी बोलले न्हाय."

"किती वर्सं झाली?"

"आपल्या थोरलीचं लगीन व्हायचं हुतं."

थोरलीचा मुलगा आता कॉलेजात होता. मेधाने पंजा उलटा करून पाहिला. टाके दिसायला भिंग लागलं. कोल्हापूरच्या चपलांबद्दल जे लिहिलं जातं ते कमीच आहे.

बाकी कातड्याला हात लागलेला नाही, असं अक्काताईंनी सांगितलं. मेधाने पिशवीतून नमुना घ्यायचा चिमटा काढला. कानामागचा कणभर तुकडा दिला तर दोन महिन्यांत समजेल, आशियाचा की आफ्रिकेचा.

शेट दुकान सोडून उंबऱ्याशी आले होते. "घिऊ द्या की. एकदाचं मिटंल."

"आफ्रिका निघालं तर?" दत्तोबांनी विचारलं.

"तर तसं छापून येईल," मेधा म्हणाली. मग समजुतीचं म्हणून, "पण आफ्रिकेतल्या चित्त्यांचे पूर्वजही कधीकाळी आशियातूनच गेले असावेत, असा एक तर्क आहे."

"ते त्यांचं पूर्वज झालं, बाई. मी माझ्या पूर्वजाचं इचारतोय."

दत्तोबांनी कातडं शेपटीकडून गुंडाळायला घेतलं.

"न्हाय द्यायचं."

"भ्याला," शेट म्हणाले.

"व्हय, भ्यालो. शेळीवाला म्हणून गल्ली मला हसंल. हसू दे. आज्जाला कुणी हसायचं न्हाय." त्यांनी मेधापुढे हात केला. "त्यो शेळीचा कागद तेवढा हितंच ठिवा."

अहवाल ठेवून आम्ही दुसऱ्या दिवशी परतलो. लाखभर वर्षांची वाट शोधायला निघालेली मोहीम तीन पिढ्या मागे जाऊन थांबली होती, आणि तिला कुणी अडवलं म्हणावं तर घरच्या माणसाने, समजून उमजून. पुण्यात संपादकांनी विचारलं, चित्ता कुठला निघाला? मी म्हणालो, दत्तोबांना ते बहुधा ठाऊक असावं.

"मग छापू."

"पुरावा फक्त शेळीचा आहे," मी म्हणालो, आणि बातमी दिली नाही.