आबांच्या गडग्यासमोरचा बिगुल

तातू हवालदार पेन्शनीत आले ते साल ऐंशी-एक्याऐंशीचं असेल. तेव्हापासून आमच्या वाडीची झोप मोडली. रोज पहाटे खाकी हाफपँट आणि पॉलिश केलेले बूट घालून ते आबांच्या गडग्यासमोर उभे राहत आणि पलटणीला उठवायचा बिगुल फुंकत. उठवायचं होतं एकट्या आबांना, पण उठायची अख्खी वाडी.

लोक बोटं मोडत. मला मात्र तो बिगुल गोड लागायचा. मसणवटीत जायची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट आबांच्या जमिनीतून होती. तातू सीमेवर असताना आबांनी आपल्या घराच्या पलीकडे जांभ्या दगडाचा गडगा घालून ती बंद केली. त्याच पावसाळ्यात तातूंची आई गेली. माणसं तिरडी खांद्यावर घेऊन गडग्यापाशी थांबली. आबा पडवीत पान चघळत म्हणाले, "हय वाट खंय आसा?" खाडीला उधाण होतं. कमरेभर पाण्यातून म्हातारीला नेली. मेलेल्या माणसाशी कसलं रे बाबा वैर!

पुढे कोर्टातही आबांनी तेच सांगितलं, वाट नव्हतीच म्हणून. केस लोंबकळत राहिली.

तातू चहा पिता पिता मला सांगत, "सेक्शन अडकलो तर प्लाटून धावता, प्लाटून अडकली तर कंपनी, तिच्या मागे आख्खी पलटण. मेलेल्या शिपायाक कोण टाकून येणा नाय, गो. दुश्मनाच्या मड्याकसुद्धा वाट देतत. आणि माझ्या गावात माझ्या आवशीक वाट नाय?" मग बिगुलाचं पितळ घासत म्हणत, "मी सोडूचंय नाय."

एका श्रावणात आबा गेले. खाडीला पुन्हा उधाण. गडगा फोडावा तर वाट होती हे कबूल केल्यासारखं. तातूंनी पेन्शनीत आल्यावर मसणवटीला लागूनचा तुकडा घेऊन आपलं खळं तिथवर वाढवलं होतं, म्हणून आबांचा थोरला त्यांच्या दारात आला.

"तातूकाका, तुमच्या खळ्यातसून नेव?"

तातू गणवेश चढवून, पदकं लावून बसलेच होते. "माझ्या खळ्यात वाट नाय. तुझ्या बापाशीच्या जमनीत आसा. पहार घे नि गडगो फोड."

तिरडी पावसात भिजत राहिली. शेवटी मुलांनीच बापाचा गडगा फोडला. मला वाईट वाटलं? छे! खोटं कशाला बोलू? एकेक चिरा पडत होता तसा माझा जीव थंड होत होता.

तिरडी भगदाडातून निघाली तेव्हा तातूंनी ताठ उभं राहून शिपायाला शेवटचा निरोप देतात तो बिगुल वाजवला. बायका डोळे पुसू लागल्या. हवालदारांनी माफ केलं, म्हणाल्या.

मी विचारलं, "आबांसाठी वाजवलात?"

"आबाक?" तातू पचकन थुंकले. "माझी आवस आज ह्या वाटेन गेली."