दाजींचं ‘त्यापेक्षा’

विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न देण्यात आमच्या दाजींचा हात धरणारा माणूस पेणपासून रोह्यापर्यंत झाला नाही आणि होणारही नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला अष्टमीला, नोकरी धाटावच्या एका कंपनीत, संगणकावर. त्यांना काहीही विचारा, उत्तर ‘त्यापेक्षा’ने सुरू होणार. एकदा पेणच्या स्टँडवर एका म्हाताऱ्याने रोह्याची गाडी किती वाजता, म्हणून विचारलं. “एस्टीनं कशाला जाता बाबा? त्यापेक्षा रेल्वेनं जा,” दाजी म्हणाले. म्हातारा बिचारा उन्हातून स्टेशनवर गेला, तर पॅसेंजर निघून गेलेली. परत स्टँडवर आला, तर एस्टीही गेलेली. पुढे कंपनीत इंटरनेट आलं आणि दाजींना सारा देश मोकळा मिळाला. तिथे संगणकवाल्यांची एक मंडळी ई-मेलवरून एकमेकांच्या अडचणी सोडवत असे. दाजींनी एकही सोडवली नाही. कुणी लिहावं, माझा प्रिंटर अर्धीच ओळ छापतो. यांनी कळवावं, तो टाकून द्या, त्यापेक्षा दुसऱ्या जातीचा घ्या. मग आठवडाभर कुठली जात चांगली यावर भांडण, आणि मूळ माणूस अर्ध्या ओळीसकट गायब.

हसायला हे ठीक होतं. पण शिमग्यात आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, गेले. पेणला आमचा गणपतीचा कारखाना. कुठल्या घरची मूर्ती बैठी, कुणाची सोंड उजवी, कुणाचं मखर किती उंच, हे आप्पांच्या डोक्यात आणि एका जाड वहीत असे. “वहीला वाळवी लागंल, त्यापेक्षा संगणकात घाल,” हा सल्ला दाजींचाच. मी घातलं आणि मोठ्या ऐटीत वही रद्दीत दिली. आता यादी काढायला बसलो, तर फाइल उघडेना.

“ही फाइल कशी उघडायची, तेवढंच सांगा,” मी दाजींना फोन केला. त्यांनी माझा प्रश्न त्या मंडळीत घातला आणि पहिलं उत्तरही स्वतःच दिलं: हा प्रोग्रॅम जुनाट आहे, त्यापेक्षा संगणकाची सगळी यंत्रणाच बदला, लिनक्स घाला. रविवारी सीडी घेऊन पेणला आले आणि माझ्या संगणकावर घातलंसुद्धा. घालण्याआधी मी म्हटलं होतं, “अहो, पण जुनं सगळं पुसलं जाईल ना?” तर म्हणाले, “उघडत नाय ती फाइल ठेवून करायचं काय?” सोमवारी कंपनीतून त्यांचा फोन आला. आवाज खोल गेलेला. मंडळीतल्या कुणीतरी कळवलं होतं, फाइल जपून ठेवा, मला पाठवा, बहुधा निघेल. “आता काय करायचं रे?” दाजींनी विचारलं. मी फोनवरच रडलो.

त्यानंतर प्रत्येक सुट्टीला दाजी स्कूटर घेऊन हजर. मागे मी, हातात नवी वही. जी घरं आठवत होती ती पालथी घातली. कासूकडच्या एका आजी म्हणाल्या, “आमचा बैठा, पाटावर.” दाजींनी तोंड उघडलं, “त्यापेक्षा आजी, उभा...” मी पाठीत बुक्की घातली. खाडीकाठच्या एका घरात फोटो निघाला. त्यात माणसं स्पष्ट आणि गणपती हारांत बुडालेला. घरातली बाई म्हणाली, “तुज्या बापाला सगला ठाव व्हता रं.” मला तोंड वर करवेना. आणखी किती घरं राहून गेली, ते सांगणारी यादीच आता नव्हती.

शेवटचं घर अष्टमीचं. ताई चहा टाकत होती. मी वही उघडली आणि विचारलं, “दाजी, तुमची कशी?”

“आप्पांच्या हातची.”

“ती आता नाही मिळायची. त्यापेक्षा दुसरं काहीतरी सांगा.”

चहा आला, निवला. मग दाजी म्हणाले, “याला दुसरं नाय रे काय.”

मी त्यांच्या नावापुढची ओळ कोरी सोडली. दरवर्षी माझ्या हातची मूर्ती त्यांच्याकडे पोचवतो. ते हात जोडतात, छान झाली म्हणतात. ओळ मात्र अजून कोरीच आहे.