सिस्टरांचे भुंडे हात

बारामतीच्या दवाखान्यात माझी लेक काचेच्या पेटीत होती, तेव्हा त्या सिस्टर मला रोज भेटायच्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. दारातल्या बेसिनपाशी आधी त्यांचा आवाज यायचा, "कोपरापतुर, ताई, कोपरापतुर." अंगठी, गंडा, घड्याळ सगळं बाहेर. त्यांचेही हात कोपरापर्यंत मोकळे. कळसहून आलेल्या माझ्या सासूबाई हळहळायच्या, "सवाशिणीचं हात आन् असं भुंडं?"

लेकीच्या रक्तातला जंतू औषधांना दाद देत नव्हता. एक बदलून दुसरं दिलं, मग तिसरं. "ह्यो औषधाला भीत न्हाय," सिस्टर म्हणायच्या, "हातावरनं शेजारच्या लेकराला गेला तर?" आणि पुन्हा साबण लावायच्या.

शेवटी एका औषधाचा गुण आला. घरी निघताना सासूबाईंनी त्यांच्यापुढे हिरव्या बांगड्या धरल्या.

"हितं न्हाय चालत. ड्युटी सुटल्यावर गेटवर भरा."

आम्ही थांबलो. त्या हसत आल्या, कट्ट्यावर बसल्या आणि दोन्ही हात पुढे केले. सासूबाईंनी मन भरेपर्यंत बांगड्या भरल्या. सिस्टरांनी हात हलवून त्या वाजवून बघितल्या. मी लेकीला पुढे केलं, "घ्या की आता."

त्यांनी चटकन हात पाठीमागे नेले. "आन् हात न धुताच व्हय?"

मग लांबूनच वाकून त्या पाठीमागे बांगड्या वाजवत राहिल्या, आणि माझी लेक डोळे मोठे करून तो आवाज शोधत राहिली.