‘मेला’ लिहायला नकार

पत्रकं लिहून मला एक खोड लागली आहे: जे आहे ते तसंच म्हणायचं. नदीत रसायन सोडलं तर ‘किरकोळ गळती’ कसली? विष म्हणा! नाटे गावातल्या मच्छीमारांच्या संघटनेसाठी संगणकाची कमांड लिहायला घेतली, तेव्हाही मी शब्द चघळले नाहीत.

कचेरीत दोन संगणक. मुख्य संगणकावर होड्यांची माहिती आणि खलाशांचे फोन. वादळी वाऱ्याचा इशारा तिथूनच सुटतो. शेजारच्या राखीव संगणकावर त्या सगळ्याची नक्कल. मुख्य बंद पडला की राखीवला पुढे करायचं. पण मुख्य चालू असतानाच राखीव पुढे झाला, तर एका होडीवर दोन तांडेल हुकूम सोडणार, आणि होडी खडकावर! म्हणून मी एक पर्याय सक्तीचा केला. चालवणाऱ्याने स्वतः टाइप करायचं: --मुख्य-मेला. त्याशिवाय राखीव हलणार नाही.

पुढे एकदा मी हातखंब्याला पत्रकं वाटत असताना कचेरी सांभाळणाऱ्या काकींचा फोन आला. मुख्य संगणक जळला होता आणि इशारा पाठवायचा राहिला होता.

“मुख्यची वायर काढलीत ना? मग मुख्य मेला लिहा नि एंटर मारा.”

“मी नाय तसला लिवायची. माझा घोव दर्यात हाय नि मी हितं मेला लिवू?”

“अहो काकी, यंत्र मेलंय, काका नाही!”

“गो, आम्ही नारळसुद्धा फोडत नाय, वाढवतो. तुला आईनं काय शिकवलान?”

मी तापलेच. “अंधश्रद्धेवर मी आख्खं पत्रक लिहिलंय!”

“मग ताच पाठव होडीवर.”

वडापावच्या गाडीवर लॅपटॉप उघडला. “निजला चालेल?”

“सुकाणू सोडून निजतो काय कोण?”

“दमला?”

“दमलेला परत उठंल. दोन तांडेल नकोत ना तुला?”

“मग तुम्हीच सांगा!”

“घरी आला, असा लिव. घरी आलेला तांडेल सुकाणू मागत नाय.”

खोटं! धडधडीत खोटं! सरकारने असं लिहिलं असतं तर मी रस्त्यावर उतरले असते. पण वारा माझ्यासाठी थांबणार नव्हता. शब्द बदलला, इथूनच तिकडच्या संगणकावर चढवला. काकींनी एंटर मारल्याचं फोनवर ऐकू आलं. इशारा गेला.

“काकांचं काही?”

“थांब गो.”

माझ्या हातातली पत्रकं वाऱ्याने फडफडत होती. तिकडे काकींचा दुसरा फोन वाजला.

“फिरवलान होडी,” काकी म्हणाल्या. “ठेव आता फोन. भात लावायचा हाय.”