बाईंच्या जीपचे रबरी गट्टू

डॉ. वत्सलाताई घाडी पहिल्यांदा माझ्या गॅरेजात आल्या तेव्हा त्यांच्या हातात दवाखान्यातला स्टीलचा ट्रे होता आणि ट्रेवर पांढरे फडके होते. फडके बाजूला करून त्यांनी आतला एक काळा, फाटका तुकडा मला दाखवला आणि विचारले, "ह्या काय आसा?"

मी मागे सरलो. बाईंचा दवाखाना फोंडाघाटच्या बाजारात, माझे गॅरेज त्याच रस्त्यावर थोडे पुढे. त्यांना मी दुरून ओळखत होतो. कुणाच्या तरी पोटातून काढलेले काहीतरी त्या चुकून इकडे घेऊन आल्या आहेत, असेच मला वाटले.

"बाई, ता माका कसा ठावक आसतला?"

"तुमका नाय तर कोणाक? माझ्या जीपखाली गावला."

तेव्हा कुठे मी तो तुकडा हातात घेतला. तो जीपचा बंप स्टॉप होता. आम्ही गॅरेजवाले त्याला रबरी गट्टू म्हणतो. खड्ड्यात चाक जोरात वर उसळले की खालचा अ‍ॅक्सल, म्हणजे चाकांचा दांडा, थेट चासीवर, गाडीच्या सांगाड्यावर, आदळू नये, म्हणून दोघांच्या मध्ये बसवलेला हा रबराचा ठोकळा. बाईंचा गट्टू वाळून दगडासारखा झाला होता आणि मधोमध तुटला होता. मी म्हणालो, नवा बसवतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा.

बाई गेल्या नाहीत. माझ्या स्टुलावर बसून त्यांनी विचारले, "नवो बसवलात तर आतल्या माणसाक धक्को बसाचो नाय?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. गट्टू गाडी वाचवतो, एवढेच मला माहीत होते. आतल्या माणसाचा विचार मी कधी केला नव्हता.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या वैद्यकीय सेवेविषयी अधिकारी मंडळी लिहितीलच. मी लिहू शकतो ते या गट्टूंविषयी. त्यातही मला पुरते कळले आहे असे नाही, हे आधीच सांगून टाकतो.

घाटाच्या कुशीत एक वाडी आहे. बाई दर आठवड्याला तिथे स्वतः जीप चालवत जातात. वाटेत एक व्हाळ, म्हणजे ओढा, लागतो. त्याच्या पात्रातले धोंडे ओलांडल्याशिवाय वाडी नाही. मी सगळे गट्टू नवे बसवले, शिवाय प्रत्येक स्प्रिंगमध्ये एकेक पोलादी पाटा वाढवला. बाईंनी मला मागच्या, रुग्णाला निजवायच्या फळीवर आडवे व्हायला सांगितले आणि व्हाळातून गाडी घातली. पलीकडच्या काठावर मी कंबर धरून उतरलो.

"कसा वाटला?"

"आपटण्याचा आवाज कमी झालो, बाई. पण दुखता जास्त."

"मगे बरा झाला काय वायट?"

ते बाईंना स्वतः आजमावायचे होते. मग मी गाडी चालवायची आणि बाईंनी फळीवर आडवे व्हायचे, असे ठरले. सत्तरीच्या आसपासची एक डॉक्टर पदर खोचून फळीवर उताणी पडलेली आणि मी घाबरत क्लच सोडतोय, हे दृश्य वाडीतल्या लोकांनी पाहिले आहे. पाटा वाढवून स्प्रिंग कडक करणे ही चूक होती, एवढे त्या दिवशी ठरले.

याच फेऱ्यांत एक वेगळीच गोष्ट झाली. बाई सारख्या म्हणायच्या, "ऐकलंत? डावीकडे टक् झाला." मला काही ऐकू येत नव्हते. बाईंनी गाडी थांबवायला लावली, टॉर्च काढला आणि व्हाळाच्या काठावरच माझा डावा कान तपासला. पुढच्या आठवड्यात त्या मला स्वतः कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. आज मी यंत्र लावतो. त्याआधी, मी मुद्दाम लक्ष देत नाही असा माझ्या पत्नीचा समज होता. बाईंमुळे माझा संसारही सुधारला, याची नोंद इथे व्हावी.

शेवटी कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याकडून मी नव्या धर्तीचे गट्टू मागवले. ते उंच होते आणि फेसासारख्या दाट, दबणाऱ्या पदार्थाचे होते. सुरुवातीला हलके दबतात आणि जोर वाढला की घट्ट होत जातात. चाक एकदम न अडता हळूहळू अडते. बसवल्यावर गाडी सपाट रस्त्यावरही बकरीसारखी उड्या मारू लागली. मी चक्रावलो. बाईंनी घरून कणकेचा गोळा आणला आणि गट्टूच्या टोकाला चिकटवला. गाडी जागेवर उभी असतानाच कणीक चेपली. म्हणजे उंची जास्त झाली होती, गट्टू कायमच टेकलेला राहत होता. गट्टू ज्या पट्टीवर बसतात ती मी पातळ केली. पुन्हा कणीक, पुन्हा व्हाळ. असे किती वेळा केले ते आता आठवत नाही. बाईंच्या घरी त्या दिवसांत चपात्या कमी आणि भात जास्त होत असावा.

एकदा दोघेही जीपखाली असताना मी विचारले, "बाई, ह्यो एवढो हट्ट कित्या?"

बाईंनी हातातला टॉर्च विझवला. मग त्यांनी बाबलची हकीगत सांगितली. वाडीतले बाबल आंब्यावरून पडले होते. बाईंनी त्यांना फळीवर बांधून जीपमधून खाली आणले. व्हाळात मागचे चाक जोरात आपटले आणि गट्टू तुटला. तोच तुकडा त्या माझ्याकडे घेऊन आल्या होत्या. मोठ्या रुग्णालयात पोहोचले तेव्हा बाबलच्या पायांत बळ नव्हते. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, इजा पडण्याने झाली असेल किंवा वाटेत वाढलीही असेल. नक्की सांगता येत नाही.

"गाडीत घालूच्या आदी वाडीत तेच्या पायाचो आंगठो हललो, असा माका वाटता," बाई म्हणाल्या. "खरोच हललो, काय माकाच तो हलूक व्हयो होतो, ता कळना नाय."

मी पाना हातात धरून तसाच पडून राहिलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वाडीतल्या पार्वतीआक्का पाय घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. मी गाडी चालवली, बाई मागे त्यांचा पाय धरून बसल्या. व्हाळात चाक उसळले तेव्हा मी दात आवळले. आदळण्याचा आवाज आलाच नाही. गवताच्या भाऱ्यावर बसावे तशी गाडी दबली आणि वर आली. बाजाराच्या जवळ आलो तेव्हा आक्का म्हणाल्या, "बाई, व्हाळ कधी येतलो गो?"

"व्हाळ मागे ऱ्हवलो, आक्का."

मी आनंदाने आरशात पाहिले. बाई रडत होत्या. मला वाटले, यश मिळाले म्हणून. आक्कांना दाखल केल्यावर त्या म्हणाल्या, "दिगंबर, माका बाबलकडे ने." मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे गट्टू जर त्या दिवशी असते तर, हा प्रश्न आता त्यांच्यासाठी अधिकच मोठा झाला होता.

बाबल ओसरीवर खाटेवर बसले होते. त्यांच्या पत्नी सुलोचनावहिनी सुपारी कातरत होत्या. बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या, "बाबल, त्या दिवशी व्हाळात माझी गाडी जोरान आपटली. तुझे पाय त्यामुळा गेले काय, माका ठावक नाय. पण नाय गेले, असा माका म्हणाक येणा नाय."

वहिनींनी अडकित्ता खाली ठेवला. "मगे आतापर्यंत कित्या गप ऱ्हवलात? दर आठवड्याक येत होतात, तेव्हा तोंड नव्हता?"

"भियालंय गो," बाई म्हणाल्या.

वहिनी उठून आत गेल्या. मला वाटले, आता निघावे. बाई हलल्या नाहीत. बाबलना कणकवलीला व्यायामाच्या उपचारांसाठी न्यायचे होते, पण गाडीचे नाव काढले तरी त्यांना घाम फुटायचा, हे मला तिथेच समजले. इतके दिवस ते त्या ओसरीवरून हलले नव्हते.

बाबल म्हणाले, "पार्वतीआक्केक खराच व्हाळ कळाक नाय?"

"नाय कळलो."

"मगे माका बसवा. बघूया."

वहिनी आतून बाहेर आल्या, बाईंकडे न बघता बाबलच्या एका बाजूला लागल्या. दुसऱ्या बाजूला बाई होत्या. व्हाळाशी मी विचारले, थांबू का? बाबलनी डोळे मिटून मान हलवली. पलीकडे गेल्यावर ते म्हणाले, "झालो व्हाळ?" आणि मग ते हसले की रडले, ते मला आरशात नीट दिसले नाही.

त्यानंतर दर आठवड्याला ही फेरी सुरू झाली. आज बाबल काठी घेऊन अंगणात चालतात, लवकर दमतात. वहिनी बाईंशी पुन्हा केव्हा बोलू लागल्या, हे कोणालाच सांगता येणार नाही. एके दिवशी जीपच्या पुढच्या सीटवर केळीच्या पानात बांधलेले फणसाचे गरे दिसले, एवढे खरे. त्या धक्क्याने काय केले आणि काय केले नाही, हा उलगडा झालेला नाही. बाई तो झाल्याचे सोंग करत नाहीत. माझ्या मते त्यांचा मोठेपणा यात आहे. इतरांना तो दुसरीकडे दिसेल.

पंचाहत्तरीनंतर बाईंनी जीप चालवू नये, असे त्यांच्या मुलींचे म्हणणे आहे. वाडीचे म्हणणे नेमके उलट आहे. दोन्ही बाजूंनी मला मत विचारले जाते आणि मी दोन्ही बाजूंना 'बरोबर' म्हणतो. बाईंची नजर, गुडघे आणि मनगटे अशीच शाबूत राहोत, भूक-झोप चांगली लागो आणि त्यांनी सुखाने शंभरी पाहावी, अशी परमेश्वराकडे माझी मनापासून मागणी आहे. गाडी कोणी चालवायची, ते आम्ही दर वेळी व्हाळाच्या काठावर ठरवू.