डबीतलं पाणी

“चूळ भर, मग घरी जा.”

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की अजूनही दुपारी जरा डोळा लागला तर झोपेत ऐकू येतं. उदगीरला माझा दातांचा दवाखाना आहे आणि त्याच्या बरोबर समोर हे वाक्य म्हणणाऱ्यांचं किराणा दुकान. सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. शाळा सुटली की पोरं गोळ्या घ्यायला यायची. अप्पा बरणीत हात घालून गोळी द्यायचे, पण पोराला हलू द्यायचे नाहीत. गोळी तिथंच खायची, कडुलिंबाखालच्या रांजणातलं पाणी घ्यायचं, खळखळून चूळ भरायची आणि झाडाच्या बुंध्याशी टाकायची. मग आ करून अप्पांना दाखवायचं. अप्पा चष्मा कपाळावर चढवून आत डोकावायचे आणि ‘जा’ म्हणायचे. चष्मा कपाळावर असताना त्यांना काय दिसत होतं, देव जाणे.

हा नियम माझ्या आगाऊपणातून निघाला, हे कबूल करायला हवं. लातूरहून नवी नवी आले होते. दवाखान्याच्या खिडकीतून समोर गोळ्यांच्या सात बरण्या दिसायच्या आणि माझं डोकं फिरायचं. एक दिवस तरातरा जाऊन मी त्यांना भाषण दिलं. कीड कशी लागते, साखर दाताला किती वेळ चिकटून राहते, सगळं. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हसले. तेव्हा मला दिसलं की त्यांच्या तोंडात एकही दात नाही.

“म्या गोळ्या बंद केल्या तर पोरं पलीकडच्या दुकानात जातील बाई,” ते म्हणाले. “तिथं त्यांना पाणी कोण देईल?”

दुसऱ्या दिवशी झाडाखाली रांजण आला.

त्यांचे दात कसे गेले ते त्यांनीच मला एकदा हसत हसत सांगितलं. लहानपणापासून विटेच्या भुकटीनं आणि कोळशानं खसाखसा घासले. हिरड्यांतून रक्त यायचं, तर घरचे म्हणायचे उष्णता झाली, ताक पी. ताक पीत पीत पंचेचाळिशीपर्यंत सगळे दात हलले आणि पडले. कवळी बसवून घ्या म्हणून मी मागे लागले, तर म्हणायचे, खामखा तोंडात भांडी कशाला? भाकरी वरणात कुस्करून खायची त्यांना सवय झाली होती आणि हिरड्या इतक्या टणक झाल्या होत्या की शेंगदाणेसुद्धा चघळायचे.

पण दुसऱ्यांच्या दातांची त्यांना भारी फिकर. दुधाचे दात पडायचेच असतात, मग कशाला घासायचे, असं एखादी आई म्हणाली की अप्पा तिचं सामान बांधता बांधता थांबायचे. पाहुणा जायचाच असतो म्हणून त्याला उपाशी ठेवता का, असं विचारायचे. हे वाक्य मी सरळ चोरलं. आजही माझ्या दवाखान्यात ते दिवसातून दोनदा तरी वापरलं जातं आणि आया मला हुशार समजतात.

त्या दुपारी आठवतात. पेशंट नसायचे, पंखा हळूहळू फिरायचा, कडुलिंबाची सावली खिडकीतून आत येऊन फरशीवर हलत राहायची. बाहेरून चुळांचा खळखळाट यायचा. आणि त्यात मिसळून एक वास यायचा, तव्यावर भाजणाऱ्या तंबाखूचा. गोडसर आणि जळका. मला झोप यायची त्या वासानं. तो कशाचा आहे हे कळत असूनही मी कितीतरी दिवस नुसती गुंगीत बसून राहिले, ही माझी चूक.

तुम्ही आमच्या भागातले असाल तर मिसरी तुम्हाला सांगायला नको. तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, वाटायची आणि बायकांनी ती बोटानं दात-हिरड्यांना लावून बसायचं. सकाळी एकदा, दुपारी एकदा, मग हवी तितक्यांदा. त्यानं दात घट्ट राहतात असा पक्का समज. गल्लीतली सगळ्यात चांगली मिसरी अप्पांच्या दुकानातली. पोरांना चूळ भरायला लावणारे अप्पा मागच्या चुलीवर स्वतः मिसरी भाजायचे आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

एकदा साखर आणायला गेले, तेव्हा त्यांच्या बायको, ज्यांना आम्ही अव्वा म्हणायचो, दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. मिसरी लावायला त्यांनी बोटानं खालचा ओठ ओढला आणि ओठाच्या आतला पांढरा चट्टा मला दिसला. रुपयाएवढा असेल. माझी झोप उडाली ती कायमची.

अव्वांना विचारलं तर त्यांनी पदर तोंडावर ओढला आणि आत निघून गेल्या. त्यांचं तोंड आतून कुणी नीट पाहिलंच नव्हतं. हसायच्या त्यासुद्धा पदराआड. मग मी अप्पांना सांगितलं. म्हटलं, आत्ता दाखवलं तर मिसरी सोडून निभावेल, उशीर झाला तर ओठ आणि जबडा जातो, कदाचित माणूसही जातं. अप्पांनी हातातली तागडी खाली ठेवली.

“मीच भाजून द्यायलोय बाई,” ते म्हणाले. “लगीन झाल्यापासून.”

त्या दिवशी मागची चूल विझली. गल्लीतल्या बायका रागावल्या, दुसरीकडे जाऊ लागल्या. अव्वाही रागावल्या. शेजारणीकडून मिसरी मागून आणून लावू लागल्या, आणि दवाखान्यात यायचं नाव नाही. बाई दात उपटतील, दात उपटला की डोळे जातात, असं त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं. महिना गेला. मी रोज सकाळी समोर बघायचे आणि अप्पा नुसती मान हलवायचे. तो महिना मला नीट जेवण गेलं नाही.

आणि एका सकाळी अप्पा येऊन माझ्या खुर्चीत बसले. म्हणाले, माप घ्या. मला कळेना. मग कळलं की घरी सौदा ठरला होता. अव्वांनी म्हटलं होतं, दुसऱ्याला सांगता, तुमचं तोंड आधी दाखवा. तुम्ही दात बसवून घ्या, मग मी येते. त्यांना वाटलं असणार, हे काही बसवून घेत नाहीत.

कवळी झाली. अप्पा ती घालून दुकानात बसले तर पोरं ओळखेनात. ‘चूळ भर’ म्हणताना शिट्टी वाजायची. त्याच आठवड्यात अव्वा आल्या, पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून. अप्पा शेजारी उभे राहिले आणि आपले नवे दात दाखवत राहिले, जणू दुखत नाही हे पोराला पटवून द्यायचंय. अव्वांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. चट्ट्याचा कण काढून आम्ही तपासायला लातूरला पाठवला. निकाल येईपर्यंतचे दिवस अप्पांनी रांजणात पाणी भरण्यात घालवले. तो भरलेला असला तरी भरायचे. निकाल बरा आला. मिसरी सुटली तर चट्टा जाईल, अशी चिन्हं होती. मिसरी सुटली. सहज नाही, पण सुटली.

कवळी मात्र अप्पांना कधी मानवली नाही. अव्वा घरात गेल्या की ते हळूच ती काढून पाण्याच्या स्टीलच्या डबीत ठेवायचे आणि मला खिडकीतून हात करायचे, सांगू नका म्हणून. जेवायला घरात जाण्याआधी परत घालायचे. काढलेले दात दिसले तर ही परत मिसरी काढील, असं ते मला एकदा म्हणाले होते. पाच वर्षं त्यांनी हे केलं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी, दुकानात बसल्या बसल्या, भिंतीला डोकं टेकलेलं असतानाच अप्पा गेले. आम्हाला वाटलं झोपलेत.

लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे त्यांना बसवून माती दिली आणि चौथ्या दिवशी अव्वा माझ्याकडे आल्या. हातात ती डबी होती.

“बसवलं त्यांना, इभूत लावली, हार घातला, सगळं केलं,” त्या म्हणाल्या. “दातंच ऱ्हायले बाई. मातीत बसवताना सगळ्या गावानं बसलेली गालफडं बघितली. माझ्यासाठी घातले होते, अन् मीच इसरले.”

मी त्यांना खुर्चीत बसवलं. मग खरं तेच सांगितलं. म्हटलं, अव्वा, ते दुकानात रोज काढून ठेवायचे. त्यांना कधीच आवडली नव्हती ती. आता सुटले बिचारे.

“म्हाईत हाय की मला,” अव्वा म्हणाल्या. “शिट्टी बंद झाली की मला आत कळायचं, काढले म्हणून.”

आणि त्या हसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या, दोन्ही हात डबीवर, पदर खांद्यावर तसाच. सवयीनं माझी नजर खालच्या ओठाकडे गेली. आतून गुलाबी, स्वच्छ होता.

डबी त्यांनी माझ्याकडेच ठेवली. घरात बघवत नाही म्हणाल्या. रोज सकाळी दवाखाना उघडला की मी आधी तिच्यातलं पाणी बदलते. कवळी कोरडी ठेवू नये, हे मीच त्यांना शिकवलं होतं. कालचं पाणी नेऊन कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतते. आता दुकानात अव्वा बसतात. मी पाणी ओतून होईपर्यंत अप्पा पोरांच्या चुळीकडे बघायचे तसं त्या माझ्याकडे बघत राहतात, आणि मग गोळ्यांच्या बरणीचं झाकण उघडतात.